बागेतली ड्युटी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘पावसाळ्यातील रुळांची देखभाल’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. रुळांचे ज्ञान इथल्या निम्म्या मंडळींना माझ्याइतकेच आहे आणि उरलेल्या निम्म्यांना ते रोज जेवताना ऐकावेच लागते. आज मला बोलायचे आहे ते बिलासपूरच्या आपल्या या कॉलनीतल्या, क्वार्टरांच्या मागच्या बागांबद्दल आणि तिथे पूर्वीसारख्या न दिसणाऱ्या माशा, भुंगे, पाखरांबद्दल. मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून पी-वे मध्ये लागलो, नोकरीतली वीस वर्षे गेली. पण दिसेल ते डायरीत टिपून ठेवायचे, ही सवय या खात्यानेच लावली.

आपल्या वहिनी-काकूंची एक तक्रार मी दोन-तीन वर्षे ऐकतो आहे. भोपळ्याचा वेल मांडवभर पसरतो, फुले भरपूर येतात, बोराएवढे फळ दिसते आणि तीन-चार दिवसांत पिवळे पडून गळते. मग खत बदलतात, कोणी वेलाला ताक घालतात. (लाल भोपळ्याला आमच्या विदर्भात कोहळं म्हणतात, इथल्या बाजारात मखना. तिन्ही नावे सांगून ठेवलेली बरी, नाहीतर घरी जाऊन वाद होतील.) फळमाशीनेही फळ सडते, ते वेगळे, तेव्हा फळाला टोचल्याची खूण असते. पण खूण नसताना फळ गळाले, तर बहुतेक वेळा खत दोषी नसते. परागच पोहोचलेला नसतो.

भोपळ्यात नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या बुडाशी इवले फळ आधीच असते, म्हणून आपल्याला वाटते की फळ धरले. ते धरलेले नसते. भोपळ्याचा पराग जाड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. तो कोणीतरी अंगाला लावून न्यावा लागतो. आणि फूल उघडते पहाटे, दहा-अकरापर्यंत मिटते. एवढ्या चार-पाच तासांत कोणी फिरकले नाही तर त्या फुलाची गाडी चुकली.

यात एक गंमत आहे, आणि ती आपल्या लोकांना लगेच कळेल. बागेत ड्युटी रोस्टर असतो. भोपळा आणि घोसाळे यांची पाळी सकाळची, ती मधमाशांची. दोडक्याचे फूल संध्याकाळी उघडते. दुधीचे पांढरे फूल दिवेलागणीला, पडवळाचे रात्री. त्यांच्याकडे निशाचर पाखरे येतात. वांग्याची तर तऱ्हाच न्यारी. वांग्याचा पराग केसराच्या नळीत कोंडलेला असतो आणि नळीला टोकाशी बारीक भोक. तो बाहेर काढायला फूल धरून थरथरवावे लागते. मधमाशीला हे जमत नाही. काळा भुंगा फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू कंप पाववतो, तेव्हा पराग मिठासारखा खाली पडतो. आपले टॅम्पिंग मशीन सेकंदाला 35 कंपने देऊन खडी बसवते; भुंग्याची कंपने याच्या कित्येक पट जलद असतात, आणि त्याला पीओएच लागत नाही! वाऱ्यानेही वांगी थोडीफार धरतात, पण भुंगा असला की फळ भरते.

म्हणजे ‘मधमाशा कमी झाल्या’ हे वाक्य अपुरे आहे. कोणता वेल फळत नाही हे पाहिले, तर कोणत्या पाळीचा माणूस गैरहजर आहे ते कळते. माझ्या बागेत घोसाळी अजून बरी धरतात. वांगी निम्म्यावर आली. दुधीला तर गेले दोन पावसाळे रात्री आठ वाजता बॅटरी आणि रंगाचा ब्रश घेऊन मी स्वतः ड्युटी करतो आहे. चीनच्या सिचुआन प्रांतात हान्युआन भागात नाशपातीच्या बागांना माणसे झाडावर चढून हातांनी पराग लावतात. आपली पाळी अजून मांडवाच्या उंचीवर आहे.

मग हे कमी झाले कशाने? आधी एक सावधगिरीचा शब्द. मी नोकरीच्या सुरुवातीला रात्री फूटप्लेट इन्स्पेक्शनला जायचो, तेव्हा पहिल्या पावसानंतर इंजिनाची काच किड्यांनी माखून जायची. आता काच बरीच स्वच्छ असते. पण इंजिने बदलली, दिवे बदलले, काच म्हणजे मोजमाप नव्हे. मोजमाप जर्मनीत झाले. क्रेफेल्ड येथील हौशी अभ्यासकांनी 63 संरक्षित ठिकाणी एकाच प्रकारचे सापळे लावून 1989 ते 2016 अशी 27 वर्षे पकडलेल्या उडत्या कीटकांचे वजन केले. ते तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले होते. 2017 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभर खळबळ उडाली. वजनकाटा आणि सत्तावीस वर्षांची चिकाटी, एवढ्यावर हे काम झाले. डिप्लोमावाल्याला हे विशेष आवडते.

आपल्याकडे दक्षिणेत 1991 नंतर सातेरी मधमाशीवर थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आला आणि पाळलेल्या पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. तो रोग होता. आपल्या कॉलनीत मला तरी रोगापेक्षा आपलीच कामे दिसतात.

पहिले काम पेव्हर ब्लॉकचे. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळे बांधून राहत नाहीत. एकेकटी मादी जमिनीत बोटभर बीळ करून अंडी घालते. क्वार्टरच्या अंगणात कुंपणापासून भिंतीपर्यंत ब्लॉक बसवले की चिखल जातो, हे खरेच; पण त्यांचे घरही जाते. काळा भुंगा वाळक्या लाकडात राहतो. पूर्वी आपल्या बागांना जुन्या लाकडी स्लीपरांची कुंपणे होती, कुजत आलेल्या स्लीपरात भुंग्यांची भोके मी पाहिली आहेत. आता स्लीपर काँक्रीटचे आणि कुंपण तारेचे. वांग्याचा आणि कुंपणाचा संबंध असेल असे मलाही पूर्वी कोणी सांगितले असते तर हसलो असतो.

दुसरे काम धुराचे. डेंग्यूचा त्रास ज्या घराने पाहिला आहे त्यांना मी फॉगिंग नको म्हणणार नाही. पण तो धूर फक्त उडते डास मारतो. कूलरमध्ये आणि टायरमध्ये वाढणाऱ्या अळ्यांना त्याने काही होत नाही. पाणी ओतून देणे हाच खरा इलाज. आणि फॉगिंग करायचेच तर सूर्यास्ताच्या सुमारास करावे. डेंग्यूचा डास तेव्हा चावायला निघालेला असतो आणि मधमाशा बहुतेक घरी परतलेल्या असतात. आपल्याकडे कंत्राटदाराचा माणूस सकाळी साडेआठला येतो, म्हणजे नेमका भोपळ्याच्या ड्युटीत. संध्याकाळी पाखरांना त्रास होईल, हे मान्य. दोन्ही पाळ्या वाचवणारी वेळ मला सापडलेली नाही.

रुळांतले गवत काढावेच लागते, त्यात तडजोड नाही. खडीत माती-गवत साचले की पाणी मुरत नाही आणि रूळ बसतो. पण सेसच्या पलीकडे, हद्दीच्या दगडापर्यंतचे टाकळा, रानतुळस, एकदांडी पेटवून देण्याचे कारण मला पटत नाही. सिग्नल दिसायला आड येत नसेल तर ते फुलू द्यावे. टाकळ्याची भाजी तर आपल्यातले पुष्कळजण तिथूनच आणतात.

आता माझी मुख्य विनंती. आपल्या कॉलनीत पाण्याच्या दोन उंच टाक्या आहेत. दिवाळीनंतर तिथे आग्या माशा येतात, उन्हाळ्याअखेरीपर्यंत राहतात आणि पावसात निघून जातात. आग्यांचे थवे वर्षानुवर्षे त्याच जागी परत येतात, हे तज्ज्ञांनीही नोंदवले आहे. गेली दोन वर्षे रात्री मशाल लावून दोन्ही टाक्यांवरची पोळी जाळली गेली. सकाळी खाली मेलेल्या माशांचा सडा होता.

शाळेजवळच्या टाकीसाठी मी भांडणार नाही. आग्या चवताळली तर माणूस दगावू शकतो, आणि त्या टाकीखालून मुले जातात. तिथली पोळी काढावीतच, फक्त जाळण्याऐवजी जाणकार माणूस बोलावून धुराने उठवावीत. पण इन्स्टिट्यूटच्या मागची टाकी मैदानाच्या कडेला आहे. तिच्याभोवती तारेचे कुंपण घालून पाटी लावली, आणि टाकी धुण्याचे काम त्या महिन्यांत टाळले, तर माशा तिथे राहू शकतात. गमतीची गोष्ट पाहा, ईशान्य सीमा रेल्वेने 2017 साली हत्तींना रुळांपासून दूर ठेवायला लेव्हल क्रॉसिंगवर मधमाशांच्या गुणगुणण्याचा आवाज लाऊडस्पीकरवरून लावायला सुरुवात केली. त्याला ‘प्लॅन बी’ म्हणतात. म्हणजे आपल्या खात्याला माशांचा आवाज उपयोगी आहे, हे सिद्धच आहे.

आणखी एक छोटे मागणे मंडळाकडे. मंडपाचे पांढरे फ्लडलाइट कार्यक्रम संपल्यावर बंद व्हावेत. माझा दुधी मंडपाच्या कुंपणाला लागून आहे, यात स्वार्थ आहे हे आधीच कबूल करतो. पण सकाळी त्या दिव्यांखाली झाडून काढलेली पाखरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना सांगायला नको.

टाकीबाबत कार्यालयाला द्यायचा अर्ज मी लिहून आणला आहे. टाकी आत्ता रिकामी आहे, तेव्हा कुंपणाचे काम दिवाळीआधीच व्हायला हवे. कागद प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. सही करताना क्वार्टर नंबरही घालावा, नाहीतर अर्ज परत येतो.