आजोबा बाकावर, नातू बटणावर
(गणेशोत्सवातील कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



दिवाळीनंतर आपली कौटुंबिक सहल अहमदाबादच्या सायन्स सिटीला जाणार आहे. वर्गणी आणि बसची वेळ सचिव सांगतीलच. तो दिवस सत्कारणी कसा लागेल, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपल्या बडोद्याच्या माणसाला संग्रहालय नवे नाही. कमाटीबागेतले संग्रहालय १८९४ सालचे. तिथला देवमाशाचा सांगाडा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी डोळे विस्फारून पाहिला आहे. तिथली शिस्त अशी, की हात मागे बांधून पाहायचे. विज्ञान केंद्राची रीत याच्या उलट. तिथे हात लावल्याशिवाय काही घडतच नाही. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले, ते याच विचाराने. आपल्याकडेही राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने १९७८ नंतर देशभर अशी केंद्रे उभी केली.

पण अशा ठिकाणी एक दृश्य हमखास दिसते. मुले एका बटणावरून दुसऱ्या बटणाकडे धावत असतात, आईवडील फोटो काढत असतात आणि आजी-आजोबा पिशव्या सांभाळत बाकावर बसलेले असतात. सायंकाळी मुलांना विचारले, ‘काय पाहिलेस?’ तर उत्तर येते, ‘मज्जा आली.’ मज्जा यायलाच हवी. पण तेवढ्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर जायला नको.

अशा केंद्रांत सहसा आढळणारी दोन उपकरणे घेऊ. एक फिरते स्टूल असते. दोन्ही हातांत वजने घेऊन, हात पसरून बसायचे आणि कोणीतरी हलकेच फिरवायचे. हात छातीशी घेतले की वेग एकदम वाढतो. वजन आसाच्या जवळ आले की फिरण्याचा वेग वाढतो, हा नियम. आता याच्याशेजारी आजीला उभी करा. फुगडीत हात घट्ट का धरायचे आणि सुटले तर माणूस कुठे फेकला जातो, हे तिला अनुभवाने ठाऊक आहे. तिथे हातांची ओढ आपल्याला वर्तुळात ठेवते. ती सुटली की माणूस त्या क्षणी ज्या दिशेने जात होता, तिकडे सरळ जातो. गौरी जागवलेल्या आजीपेक्षा हे चांगले कोण सांगणार?

दुसरे उपकरण कप्प्यांचे. खुर्चीत मुलाला बसवायचे आणि दुसऱ्याने दोर ओढून ती उचलायची. भार चार दोरांवर विभागला, तर ४० किलोचा भार उचलायला सुमारे १० किलोचा जोर पुरतो. घर्षणामुळे थोडा अधिक लागतो, इतकेच. मात्र खुर्ची १ मीटर वर जायला दोर ४ मीटर ओढावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही, हे मुलाला तळहाताला कळते. विहिरीवर रहाट ओढलेले आजोबा इथे बाकावर बसून कसे चालतील?

आता मुद्द्याचे. तिथले फलक गुजराती, हिंदी, इंग्रजीत असतील. मराठीत नसणार, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचेही कारण नाही. मराठी फलक म्हणजे आपण. आपल्या मुलांची मराठी आज आरतीत आहे, जेवणाच्या पानावर आहे. पण ‘असे का झाले?’ हा प्रश्न ती शाळेच्या भाषेत विचारू लागली आहेत. ज्या भाषेत ‘का’ विचारला जात नाही, ती हळूहळू सणासुदीपुरती उरते. जडत्व, घर्षण, गुरुत्वमध्य हे शब्द आपण शाळेत शिकलो. ते मुलांच्या कानावर पडायला दोर हातात असतानाची वेळ सर्वांत चांगली.

हा विचार या शहराला परका नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली इथे कलाभवन सुरू झाले, ते हाताने काम करून तंत्र शिकण्यासाठी. त्याचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी गुजराती आणि मराठीत शास्त्रीय व तांत्रिक ग्रंथ तयार करवून घेण्याचा उपक्रमही हाती घेतला. हात आणि मायबोली यांची जोडी इथलीच आहे.

म्हणून तीन विनंत्या. सगळे पाहण्याचा अट्टाहास नको. प्रत्येक कुटुंबाने सहा-सात उपकरणे निवडावीत. फलक वाचण्याआधी मुलांना ‘काय होईल असे वाटते?’ असे विचारावे, मग करून पाहावे, मग वाचावे. मुलाचा अंदाज चुकला तर हसू नये, तिथूनच बोलणे सुरू होते. आणि परत आल्यावर प्रत्येक घराने एक तरी प्रयोग घरच्या सामानातून करावा. दोन रिकामी रिळे आणि सुतळी एवढ्यात कप्पी होते. पुढच्या वर्षी आरासीशेजारी या प्रयोगांचे एक टेबल मांडू, आणि समजावून मुलेच सांगतील, मराठीत.

सचिवांना एकच सांगणे. बसमधल्या जागा ठरवताना मुलांना मुलांशेजारी बसवू नका. प्रत्येक नातवंडाशेजारी एक आजी किंवा आजोबा बसू द्या. आपले नसले तरी चालतील.

गणपती बाप्पा मोरया!