डेटा कोण खातंय?



मागच्या महिन्यात आपल्या एका लेखापाल ताईंना गटाचा कर्ज प्रस्ताव संध्याकाळपर्यंत ऑनलाइन पाठवायचा होता. त्यांनी घरचा कॉम्प्युटर मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि तासाभरात दिवसाचा दीड जीबी डेटा खल्लास! बोलणी खाल्ली लेकीने. "तूच व्हिडिओ बघितलेस!"

मी जाऊन पाहिलं. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा युसेज' शोधलं, की कोणी किती डेटा घेतला ते दिसतं. सगळ्यात वर 'सिस्टम' होतं. म्हणजे विंडोज आपलं आपणच अपडेट उतरवून घेत होतं. पोरीचा काहीच दोष नव्हता.

वाय-फाय जोडलं की कॉम्प्युटरला वाटतं, इंटरनेट भरपूर आहे. आपला पॅक मोजका आहे, हे त्याला सांगावं लागतं. हॉटस्पॉट जोडल्यावर सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय' आणि आपल्या हॉटस्पॉटची 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बरेचसे अपडेट थांबतात. दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, तर त्यालाही हेच करायचं. काम झालं की हॉटस्पॉट बंद.

पण अपडेट कायमचे अडवू नका, सुरक्षेसाठी ते लागतात. महिन्यातून एकदा, काम नसेल त्या दिवशी, मीटर्ड बंद करून ते होऊ द्या.

प्रस्ताव शेवटी शेजारच्या ताईंच्या मोबाईलवरून वेळेत गेला. आणि आईने लेकीला सांगितलं, "चुकलं माझं." पुढच्या सभेत प्रत्येकीने हे स्वतः करून दाखवायचं बरं का!