हुकमाचा धनी



भाषेंत ‘येथें’, ‘हा’, ‘मी’ हे शब्द मोठे चंचल आहेत. बोलणारा कोण आणि तो उभा कोठें, यावरून त्यांचा अर्थ ठरतो. पाम गांवांतील एखाद्या गृहिणीनें “येथें दोन खुर्च्या पाठवाव्या” अशी चिठ्ठी बोईसरच्या बाजारांत धाडली, तर दुकानदार चिठ्ठी आणणाऱ्या मुलाला विचारील, “येथें म्हणजे कोठें रे, बाळ?” यंत्र विचारीत नाहीं. चिठ्ठी जेथें वाचली, तेंच त्याचें ‘येथें’!

संगणकाच्या पडद्यावरील वेबपृष्ठांना चलनवलन देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत रचली. तींत ‘धिस’ हें असेंच एक चंचल सर्वनाम आहे. या भाषेंत एखाद्या वस्तूचे गुण आणि तिचीं कामें एकत्र बांधून ठेवतां येतात. अशा गांठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात. समजा, डहाणू लोकलच्या वेळापत्रकासाठीं आपण पालघर, उमरोळी, बोईसर अशा प्रत्येक स्थानकाचें एक ऑब्जेक्ट केलें. प्रत्येकापाशीं स्वतःचें नांव आहे, आणि ‘धिसचें नांव दाखव’ हें एक काम आहे. बोईसरलाच तें काम सांगितलें, तर पडद्यावर ‘बोईसर’ हीं अक्षरें उमटतात.

आतां तेंच काम आपण बटणाच्या हवालीं केलें: कोणी तुला दाबील, तेव्हां हें कर. बटणाकडे गेली ती केवळ कृति; बोईसर मागेंच राहिलें. प्रवाशानें बटण दाबलें, कीं ‘धिस’ म्हणजे तें बटणच ठरतें. कारण साध्या फंक्शनांत ‘धिस’चा अर्थ तें कोठें लिहिलें यावरून नव्हे, तर फंक्शन कसें बोलावलें यावरून ठरतो. आणखी विशेष हें, कीं बटणालाहि नांव हा गुण असतो, व तो बहुधा रिकामा असतो. त्यामुळें यंत्र तक्रार करीत नाहीं. पडद्यावर कोरी जागा मात्र दिसते. ओरडणारी चूक लवकर सांपडते. मुकी चूक प्रवाशाला फलाटावर ताटकळत ठेवते.

यावर उपाय तीन. पहिला जुना आहे. काम हवालीं करण्यापूर्वीं ‘धिस’ला दुसरें स्थिर नांव द्यावें आणि कामांत तेंच वापरावें, चिठ्ठींत ‘येथें’ऐवजीं ‘पाम’ लिहिण्यासारखें हें आहे. दुसरा उपाय ‘बाइंड’. भाषेच्या प्रमाणग्रंथाच्या २००९ सालच्या पांचव्या आवृत्तींत तो आला. तो कृतीला तिचा धनी कायमचा बांधून एक नवें फंक्शन देतो. मात्र प्रत्येक वेळीं हें फंक्शन नवें असतें. पुढें बटणावरील काम काढून घ्यावयाचें असेल, तर पहिलें बांधलेलें फंक्शनच जपून ठेवावें. पुन्हां बांधून आणलेलें दुसरें तेथें चालत नाहीं. तिसरा उपाय २०१५ सालचें ॲरो फंक्शन. त्याला स्वतःचें ‘धिस’ नसतेंच. ज्या परिसरांत तें लिहिलें, तेथीलच तें घेतें. म्हणून तें स्थानकाच्या कामाच्या आंत लिहावें; बाहेर लिहिलें, तर बोईसर पुन्हां हरवलेंच.

ही विद्या शिकणारीं मुलेंमुली आज पुष्कळ घरांत आहेत. त्यांनीं कोणतेंहि काम दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें काम प्रत्यक्ष घडेल, तेव्हां त्याचा धनी कोण असेल? उत्तर निश्चित असेल, तरच चिठ्ठी धाडावी.