एका अल्पायुषी वाद्यवृंदाची हकीकत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत नाट्यसंगीत आणि अभंग यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. मी मात्र 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' नावाच्या मुंबईतील एका रॉक वाद्यवृंदाविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी विचारले, "यात मराठी काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका नावात आहे : नंदू भेंडे. बबन प्रभूंच्या जोडीने ज्यांनी मराठी रंगभूमीवर फार्सला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव. पित्याच्या विनोदावर पोट धरून हसलेल्या आपल्या पिढ्यांना पुत्राच्या गाण्याची वार्ताही फारशी नसावी, याचे मला नवल वाटते.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी कीथ कांगा या बास गिटारवादकाच्या पुढाकाराने हा वृंद उभा राहिला. मुंबईत तेव्हा या संगीताचे वारे होते. एका सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेतून निवडलेल्या वृंदांच्या १९७० व १९७१ साली तबकड्या निघाल्या. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या नृत्यगृहात १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट येऊन वाजवून गेले. १९७४ साली अलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' ही संगीतिका रंगमंचावर आणली. तीत मधुकर धस यांनी ख्रिस्ताची आणि नंदू भेंडे यांनी जुडासची भूमिका केली. हे दोघेही निरनिराळ्या काळात 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चे गायक होते. एकाच वृंदाच्या दोन गायकांनी ख्रिस्त आणि त्याचा विश्वासघात करणारा शिष्य उभे करावे, हा योग मोठा गमतीचा!

आता या मंडळींची अडचण पाहा. विजेची गिटार आणि तिचे ध्वनिवर्धक परदेशातून आणायचे तर आयात परवाना हवा, जकात भरायला हवी. मी सरकारी नोकरीत आहे; त्या काळच्या परवान्यांच्या फाइलींची जाडी किती असे, हे मला सांगावे लागत नाही! तेव्हा कोणी परदेशी वादक आपले वाद्य विकून जाईल तर ते घ्यायचे, नाहीतर ओळखीच्या कारागिराकडून यंत्र जोडून घ्यायचे. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या मूठभर आणि त्यांचा सारा जीव चित्रपटगीतांत. म्हणून वृंद रात्रीमागून रात्री वाजवत राहिला, श्रोते नाचून घरी गेले, आणि ते सूर बहुतांशी त्या भिंतींतच विरले.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा 'द बर्थडे पार्टी' हा वृंद असाच अल्पायुषी. १९८० साली त्याने लंडन गाठले आणि १९८३ साली तो मोडला. पण तेवढ्या काळात त्याच्या तबकड्या निघाल्या, त्याचा गायक निक केव्ह जगद्विख्यात झाला. आपल्या मुलांपुढे १९७३ चा परकीय चलन नियंत्रण कायदा उभा होता. लंडनला जाऊन नशीब काढणे हे मुंबईच्या वादकाच्या आवाक्यातले नव्हते. गुणवत्तेची तुलना मी करीत नाही. वाटा किती निराळ्या होत्या एवढेच दाखवतो.

'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'ची पूर्ण लांबीची तबकडी एकच : 'ऑब्सेशन ७७'. दशक संपता संपता वृंदाची पांगापांग झाली.

नंदू मात्र थांबले नाहीत, आणि इथे ते आपल्या अंगणात येतात. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले. त्याच्या संगीतात नंदू भेंडे यांचा वाटा होता. नृत्यगृहातला ठेका मराठी नाट्यगृहात आला तो असा. पुढे १९८२ च्या 'डिस्को डान्सर' चित्रपटात श्रीकृष्णाला भूतलावर येण्याची विनवणी करणारे गाणे ते गायले. ते गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. गाणाऱ्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे यांचे निधन झाले. त्यानंतर वर्ष पुरते उलटण्यापूर्वीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्माराम भेंडेही गेले.

त्याआधी २०११ साली कॅलिफोर्नियातील 'नाऊ-अगेन' या कंपनीने 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चे संगीत पुन्हा प्रकाशित केले. आपल्या घरातील ठेवा सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी शोधावा, जपावा आणि आपल्यालाच विकावा! मला आनंद झाला, पण त्या आनंदाला थोडी खंतीची किनारही होती.

सभासदांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी काही कुटुंबे त्या काळात मुंबईत होती. कोणाच्या पेटीत जुनी ध्वनिफीत, कार्यक्रमपत्रिका किंवा तिकीट असेल तर ते आपल्या ग्रंथपालांकडे द्यावे. आणि गणेशोत्सवात नोएडा, फरिदाबादची आपली मुले गिटार घेऊन मंचावर येतात, त्यांचे ध्वनिमुद्रण यंदापासून मंडळाने स्वतः करून ठेवावे. तसा ठराव मी लेखी आणला आहे. अध्यक्षांनी अनुमती दिली तर वाचून दाखवतो.