चावीला म्हणतात 'यावे'

माझी आठ वर्षांची नात मेक्सिकोत वाढते आहे. तिचं मराठी 'आजी', 'भूक' आणि 'नको' एवढ्यावर थांबलेलं. फोनवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो, आणि लेक मधे बसून इकडचं तिकडे सांगायची. शेवटी ६१व्या वर्षी मी वही घेतली आणि स्पॅनिश शिकायला बसले.

धास्ती होती ती स्पेलिंगची. इंग्रजीतल्या मुक्या अक्षरांनी शाळेत मला फार रडवलंय. पण स्पॅनिश बरीचशी आपल्यासारखी, लिहिलं तसं वाचायची. थोडे नियम तेवढे पाठ करायचे. 'जे'चा उच्चार घशातल्या 'ह'सारखा. दोन 'एल' जोडीनं आले की मेक्सिकोत 'य'. आणि 'एच' मुका.

हा मुका 'एच'ही उगाच नाही बरं का. लॅटिनमध्ये पिठाला 'फारिना' म्हणत. स्पॅनिशमध्ये त्या 'फ'चा 'ह' झाला, पुढे तोही बोलण्यातून गेला, लिहिण्यात मात्र 'एच' राहिला. म्हणून पीठ 'आरिना', भट्टी 'ओर्नो' आणि लेक 'इहा'. तिन्ही शब्द लिहिताना सुरुवात 'एच'नंच.

मग ओळखीचे शब्द भेटू लागले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण, आणि पोर्तुगिजांकडून आपण पाव, पगार, चावी, बटाटा असे कितीतरी शब्द घेतले. स्पॅनिशमध्ये पाव म्हणजे 'पान', पैसे देणं म्हणजे 'पागार'. चावीच्या मूळ लॅटिन शब्दात सुरुवातीला 'क्ल' होता. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'च' झाला, स्पॅनिशमध्ये दोन 'एल'. म्हणून आपली चावी तिकडे 'यावे'! दार उघडणाऱ्या वस्तूला किती छान नाव!

बटाट्यानं मात्र माझी फजिती केली. मेक्सिकोत बटाट्याला 'पापा' म्हणतात आणि वडिलांनाही 'पापा'. फरक एवढाच, की बटाट्यात जोर पहिल्या 'पा'वर आणि वडिलांत दुसऱ्यावर. स्पॅनिश शब्दाच्या शेवटी स्वर, 'एन' किंवा 'एस' असला की जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो. तसा येत नसेल, तर जोराच्या स्वरावर तिरपी रेघ द्यायची. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत वेलांटीनं अर्थ बदलतो, तसंच हे.

नातीच्या वाढदिवसाच्या पत्रात मी ती रेघ विसरले. म्हणजे मी विचारलं होतं, "तुझा बटाटा कसा आहे?"

उत्तरात एक चित्र आलं. चष्मा लावलेला, मिशीवाला बटाटा! खाली माझाच शब्द, त्यावर लाल पेन्सिलीनं ठसठशीत रेघ. आणि एक प्रश्न: "आजी, मराठीत याला काय म्हणतात?"

आता दर रविवारी ती माझी वही तपासते आणि मी तिची. लेक मधे बसत नाही. ती स्वयंपाकघरातून नुसती ऐकते.