मधली विश्रांती मोजा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानमालेत काल संतसाहित्य झालं, उद्या मधुमेहावर डॉक्टर बोलणार आहेत, आणि मधे आज माझ्यासारखा निवृत्त पी.टी. मास्तर. विषय काय घेऊ, असं मी कार्यवाहांना विचारलं. ते म्हणाले, "सर, तुम्हाला पालक रोज जे विचारतात तेच सांगा." पालक मला एकच विचारतात: "सर, आमचा पोरगा बसेल का हो?"

बेळगावात या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या कॅम्पात आहे. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, खानापूर, कुठंही पहाटे पाचला जा, रस्त्यावर पोरं पळताना दिसतील. भरतीतली पहिली चाळण म्हणजे १६०० मीटर. चारशेच्या चार फेऱ्या. बरीच वर्षं साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० गुण, त्याच्या वर पण पावणेसहाच्या आत आला तर ४८, आणि त्यानंतर सरळ घरी, असा हिशेब होता. हे गट अधूनमधून बदलतात, म्हणून दर वेळी जाहिरात स्वतः वाचा, मित्राच्या मोबाइलवरच्या मेसेजवर जाऊ नका. मुलींच्या वेळा वेगळ्या आहेत, पण मी जी पद्धत सांगणार आहे ती त्यांनाही तीच.

तर बसेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं? सोपं उत्तर म्हणजे १६०० मीटर पळवून बघायचं. अडचण अशी की जीव तोडून पळालेल्या १६०० मीटरचा शीण चार-पाच दिवस अंगात राहतो. आमची पोरं तर रोज सकाळी 'टायमिंग काढतात'. रोज परीक्षा, अभ्यास कधीच नाही. म्हणून जाणते प्रशिक्षक तुकड्यातुकड्यांनी पळवतात, मधे विश्रांती देतात आणि त्या तुकड्यांवरून शर्यतीचा अंदाज बांधतात. यालाच इंटरव्हल म्हणायचं. पण याच अंदाजात मी एकदा असा चुकलो की ती चूक सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक चांगला पोरगा होता, नाव सांगत नाही. वय संपत आलेलं, त्याची ती शेवटची भरती. मी त्याला आठवड्यातून दोनदा चारशेच्या चार फेऱ्या द्यायचो. फेरी झाली की तो यायचा, पाणी प्यायचा, बुटाची नाडी बांधायचा, दोन शब्द बोलायचा आणि मग म्हणायचा, "चला सर." मी घड्याळ लावायचो. फेऱ्या यायच्या ७८ सेकंदांच्या. चार गुणिले ७८ म्हणजे ३१२, म्हणजे पाच मिनिटं बारा सेकंद. मी त्याच्या वडिलांना सांगितलं, "काका, काळजी सोडा. अठरा सेकंद हातात आहेत." भरतीत तो ५ मिनिटं ४३ सेकंदांत आला. मैदानात पास झाला, पण गुण ४८. पुढं गुणवत्ता यादी लागली, तिच्यात नाव नव्हतं. वडील मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

फेऱ्यांचे सेकंद मी बरोबर मोजले होते. मधली विश्रांती मोजलीच नव्हती. कधी चार मिनिटं, कधी सहा. एवढ्या विश्रांतीत स्नायूंतला चटकन वापरला जाणारा साठा जवळजवळ पुन्हा भरतो. मग पुढची फेरी म्हणजे नवीच फेरी. पोरगा चारशे मीटर किती जोरात पळतो ते मला कळलं. पण साडेपाच मिनिटांच्या पळण्यात सुमारे चार-पंचमांश काम श्वासातून घेतलेल्या प्राणवायूवर चालतं, आणि नेमकं तेच मी तपासलं नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर वेग पाहिला, दम पाहिला नाही.

हे शास्त्र नवं नाही. जर्मनीत फ्रायबुर्गला वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक आणि हान्स राइंडेल नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. या दोघांनी विश्रांतीला नियम लावला. पळताना नाडी १८० पर्यंत न्यायची, मग थांबून ती १२० वर यायची वाट पाहायची. साधारण दीड मिनिटात आली नाही, तर दिलेलं काम त्या धावपटूला जड झालं असं समजायचं. गेर्शलरांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ साली मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला, आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. आपल्याकडं यंत्र नसलं तरी चालतं. गळ्याच्या बाजूला बोटं ठेवा, दहा सेकंदांत वीस ठोके लागले की १२०.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलेलं उदाहरण रॉजर बॅनिस्टर यांचं. मैलाची शर्यत चार मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूस. आपले भरतीचे १६०० मीटर मैलापेक्षा फक्त नऊ मीटर कमी आहेत, म्हणजे शर्यत तीच, फक्त आपला वेग कमी. बॅनिस्टर तेव्हा लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होते, सरावाला वेळ म्हणजे दुपारच्या जेवणाची सुटी. १९५३ च्या डिसेंबरपासून त्यांनी पाव मैलाच्या दहा फेऱ्या पळायला सुरुवात केली. प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं विश्रांती. दोन म्हणजे दोनच. पहिल्यांदा फेरी ६६ सेकंदांची होती. हिवाळाभर विश्रांती तीच ठेवून फेरीचे सेकंद खाली आणत आणत एप्रिलपर्यंत ते ६१ वर आले, आणि तिथं अडकले. काही केल्या साठ होईना. तेव्हा त्यांनी काय केलं? सराव बंद केला आणि मित्र ख्रिस ब्रॅशर यांच्याबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला गेले. परत आले, आणि मग त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांच्या आल्या. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या मैदानावर ते मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळाले. भागाकार करून बघा, शर्यतीत फेरी सरासरी ५९.८५ सेकंदांची पडली.

आता बॅनिस्टर यांचं गणित जसंच्या तसं उचलून आपल्या पोरांना लावता येत नाही. ते जगातल्या पहिल्या रांगेतले धावपटू होते. पण दोन गोष्टी घेता येतात. विश्रांती न बदलल्यामुळं डिसेंबरचे ६६ आणि एप्रिलचे ५९ एकमेकांशेजारी ठेवता आले. आणि ६१ वर अडकले ते तयारी कमी होती म्हणून नाही, थकवा होता म्हणून. तयारी आत होतीच, वर थकव्याचं झाकण होतं. आमच्या पोरांचं एखाद्या दिवशी टायमिंग बिघडलं की ते दुसऱ्या दिवशी दुप्पट पळतात. झाकण आणखी घट्ट बसतं.

त्या प्रकरणानंतर मी जी कसोटी घेतो ती अशी. निदान दोन महिने नीट सराव झालेल्या पोराला चारशेच्या सहा फेऱ्या. मधे दीड मिनिट, घड्याळावर, माझ्या शिट्टीवर. नाडी बांधायची राहिली तर राहिली. साडेपाच मिनिटांसाठी फेरी साडेब्याऐंशी सेकंदांची लागते. सहाही फेऱ्या ८२ च्या आसपास आल्या तर मी होय म्हणतो. पण सरासरी बघून नव्हे. मागं एकाच सकाळी दोन पोरांचे आकडे मी वहीत लिहिले होते. पहिल्याचे ८२, ८२, ८१, ८२, ८३, ८२. दुसऱ्याचे ७५, ७८, ८१, ८३, ८६, ८९. बेरीज करा, दोघांची ४९२. सरासरी दोघांची ८२. बघणारे सगळे दुसऱ्याच्या पहिल्या फेरीवर खूश, टाळ्या वाजल्या. मी पहिल्याला म्हटलं, तू जा. दुसऱ्याला म्हटलं, तू अजून थांब. शेवटच्या फेरीला त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि भरतीतही तो पहिली फेरी अशीच पळणार हे उघड होतं. शेजारी दोनशे पोरं सुटल्यावर ७५ ची फेरी न पळणं हे फार अवघड काम आहे.

यावरून आठवलं. कसोटी होते मोकळ्या मैदानात, आतल्या कडेनं. भरतीत गर्दीमुळं बाहेरून पळावं लागतं. एक मीटर बाहेरून पळालात तर एका फेरीला सव्वासहा मीटर जास्त, चार फेऱ्यांना पंचवीस मीटर. या वेगाला त्याचे पाच सेकंद होतात. दोन मीटर बाहेरून पळालात तर दहा. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकवताना हे सांगितलं असतं तर आमच्या अर्ध्या पोरांना गणित आवडलं असतं. म्हणून मी कसोटीत ५:२८ चा अंदाज आलेल्या पोराला 'बसलास' म्हणत नाही. ५:१८ चा आला तर म्हणतो. म्हणजे फेरी साडेएकोणऐंशीची, विश्रांती दीडच मिनिट.

ही कसोटी तीन आठवड्यांतून एकदा पुरे. वार, वेळ, मैदान तेच ठेवा. आदल्या दिवशी हलकं पळा, रात्री झोपा. आणि हे दहा दिवस, पोरांनो, कसोटी घेऊच नका! रात्री बारापर्यंत ढोल, त्यावर प्रसादाचे मोदक, आणि पहाटे पाचला टायमिंग काढून मला फोन करायचा, "सर, माझं बिघडलं." तुझं काही बिघडलेलं नाही, बाबा. तुला झोप हवी आहे.

माता-भगिनींना एक विनंती. पोरगा पळून आला की "किती मिनिटं?" एवढंच विचारू नका. "मधे किती थांबलास?" हेही विचारा. तो चपापला तर समजा की घड्याळ फक्त पळताना चालू होतं.

माझ्या त्या चुकीतला पोरगा आज याच शहरात टेम्पो चालवतो. गेल्या वर्षी त्यानं आपल्या धाकट्या चुलतभावाला माझ्याकडं आणलं. मी त्याला तेव्हा सगळं सांगितलं, चूक कुठं झाली ते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, पाणी प्यायला मीच वेळ लावायचो." मी म्हटलं, शिट्टी माझ्याकडं होती. आता व्हॅक्सिन डेपोत कसोटी असली की विश्रांतीचं घड्याळ त्याच्या हातात असतं. फार कडक आहे. एक मिनिट तीस झालं की ओरडतो, कुणाचं ऐकत नाही.

विसर्जन झालं की पुढचा एक रविवार झोप काढा. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सहाला डेपोत या. बूट जुनेच आणा, नव्यांनी फोड येतात. वही-पेन आणा, कारण आकडे मी लिहून देणार नाही, प्रत्येकानं आपले आपण लिहायचे: फेरी, विश्रांती, नाडी. पालक आले तर त्यांनाही बसायला दगडी कट्टा आहे.