रिकाम्या शंखाचा धनी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही व्याख्याती नव्हे. पण गेल्या पौषात मी घरच्या मंडळींबरोबर कोकणात जाऊन आले आणि तिथे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासारखी आहे, म्हणून उभी राहिले.

आम्ही उतरलो होतो रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. जवळच बाणकोटला सावित्री नदी समुद्राला मिळते. आपण केडगावच्या बायका पाणी हंड्यांनी मोजणाऱ्या! एवढे पाणी एका ठिकाणी पाहून मी हरखलेच. संध्याकाळी वाळूत शंख-शिंपल्यांची नुसती पखरण. घरी तुळशीवृंदावनाला चिकटवावेत म्हणून मी पिशवी भरून घेतली. वाटले, फुकटचे आहे, कोणाचे थोडेच आहे?

रात्री दिवा मालवला आणि कोपऱ्यात खुडखुड सुरू झाली. उंदीर असेल म्हणून उठले, तर पिशवीतला एक शंख फरशीवर चालत होता! आमची नात घाबरून माझ्या पाठीशी लपली. घरमालकीणबाई धावत आल्या आणि हसू लागल्या. शंखात एक लहानसा खेकडा होता. या जातीच्या खेकड्याचे पोट मऊ असते, त्याला स्वतःचे कवच पुरत नाही. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून तो त्यात बिऱ्हाड करतो. अंग वाढले की मोठा शंख शोधून घर बदलतो. बाई म्हणाल्या, “वहिनी, शंख रिकामा दिसला तरी त्याचा धनी असतो. आज नसला तर उद्या येणार असतो. उद्या ओहोटीला चला, याला घरी पोचवू.”

मी विचारले, ओहोटी केव्हा? त्यांनी घड्याळ पाहिले नाही, तिथी विचारली. वद्य तृतीया होती. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास, ओहोटी. भगिनींनो, आपण तिथी पाहतो ती चतुर्थी-एकादशीच्या उपासासाठी. त्या बायकांची चूल तिथीवर चालते.

सकाळी शंख ओल्या फडक्यात गुंडाळून निघालो. थंडी आपल्यासारखी बोचरी नव्हती, पण खाडीवर धुके होते. काठाला कांदळवन. तिवराची मुळे खिळ्यांसारखी चिखलातून वर आलेली. त्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांनी वर श्वास घेते. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर! दोन बायका ओणव्या होऊन तिसऱ्या वेचीत होत्या. लहान तिसरी हाताला आली की परत टाकीत. मी कारण विचारले नाही. मला कालची माझी पिशवी आठवली.

पुढे खाडीचे तोंड लागले, तिथे पाखरांची जत्रा भरलेली. छोटी चिखल्या पाखरे लाटेच्या मागे पळत आणि लाट उलटली की पुढे पळत. कोणाची चोच आखूड, कोणाची वीतभर नि वाकडी. आखूड चोचीची वरवरचे किडे टिपतात, लांब चोचीची खोलवरचे. म्हणून एका पंगतीला बसूनही भांडण नाही. कुरव पक्षी थव्याने बसले होते. त्यांतले काही मध्य आशियातल्या आणि लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर अंडी घालतात आणि हिवाळ्यात इकडे येतात. म्हणजे तेही आमच्यासारखे पाहुणेच. पण त्यांच्याजवळ पिशवी नव्हती!

वेळासच्या वाळूत परत आलो, तेव्हा बाईंनी जाळीचे एक कुंपण दाखवले. आत समुद्री कासवांची अंडी पुरलेली होती. मादी रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून निघून जाते. पिले पुन्हा तिच्या दृष्टीस पडत नाहीत. पिलू नर की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. पूर्वी ही अंडी माणसे खात, विकत; उरलेली कोल्ही-कुत्री उकरीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि बायकांच्या हाताला काम मिळाले. ज्या हातांनी अंडी काढून नेली, तेच हात ती राखू लागले. उपदेशाबरोबर पोटाचीही सोय झाली, म्हणून हे टिकले, असे मला वाटते.

भरती चढू लागली होती. मी शंख ओल्या वाळूत ठेवला. बराच वेळ काही हालचाल नाही. माझा जीव कासावीस झाला. मग दोन मिशा बाहेर आल्या, पाय आले आणि स्वारी चालू लागली. नातीने टाळ्या वाजवल्या. उरलेली पिशवीही मी तिथेच रिकामी केली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, समुद्राचे आपल्याला काय? महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आपण हात जोडतो. तिथे कृष्णा आणि सावित्री या दोघींचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला जाते, कृष्णा पूर्वेला. आपल्या नगरची सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदेवीजवळ समुद्राला मिळते. त्या किनाऱ्यावरही हीच कासवे अंडी घालतात. आणि दोन्ही किनारे परके नाहीत: ओडिशात २०२१ साली खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. आपल्या ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पहिल्या पुरात सीनेत जाते. तिचा पुढचा रस्ता मी आत्ताच सांगितला.

म्हणून एकच मागणे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. कागदात द्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून द्या. माझे वृंदावन शिंपल्यांवाचून तसेच आहे. यंदा गेरू लावला, चुन्याची बोटे ओढली. चांगले दिसते, येऊन पाहा.